१० वर्षांची रिस्क २ टक्के, ३० वर्षांची १४ टक्के: मग कोलेस्टेरॉलची गोळी घ्यायची की थांबायचं?

प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ३८, पुरुष, सिगरेट नाही, शुगर नाही, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४०, वरचं बीपी १३४ च्या आसपास, वजन थोडं जास्त, आणि वडिलांना ५२ व्या वर्षी हार्ट अटॅक आलेला. एका डॉक्टरांनी १० वर्षांत हृदयविकार होण्याची रिस्क काढली, ती आली साधारण २ टक्के, ते म्हणाले काही गरज नाही, चाळिशीनंतर बघू. दुसऱ्यांनी ३० वर्षांची काढली, ती आली १४ टक्के, ते म्हणाले स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आजपासून चालू करा. आता यातलं कोणाचं ऐकायचं आणि एकाच माणसाचे दोन आकडे इतके लांब लांब कसे, शिवाय दहा वर्षं थांबलं तर काय बिघडतं, असं विचारलंय.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, दोघांनी वेगवेगळा प्रश्न विचारला इतकंच. माझं मत म्हणाल तर मी दुसऱ्या डॉक्टरांकडे जास्त झुकते, पण १४ हा आकडा मोठा दिसतो म्हणून गोळी, हे कारण असेल तर ते मला पटत नाही. त्या १४ मधला किती भाग एलडीएलमुळे आहे, त्यातला किती आपल्याला खरंच काढून टाकता येतो, आणि तो आत्ता सुरुवात केली तरच निघतो की दहा वर्षांनी केली तरी चालतं, हे बघायला पाहिजे. निर्णय तिथे होतो. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी हा १० वर्षांचा आकडा आला कुठून ते बघू. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ साली पाच हजारांवर लोकांना घेऊन एक अभ्यास सुरू झाला आणि तो पुढे पिढ्यानपिढ्या चालला, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगरेट या सगळ्याला आपण आज रिस्क फॅक्टर म्हणतो ते बरंचसं त्यातूनच आलं. त्यावरून पुढे स्कोअर तयार झाले. औषधांच्या ट्रायल साधारण पाच वर्षं चालायच्या, त्यामुळे पाच-दहा वर्षांच्या हिशोबात बोलणं सगळ्यांना सोयीचं पडलं आणि तेच रुळलं. २०१३ च्या अमेरिकन गाइडलाइनने १० वर्षांत ७.५ टक्के ही रेषा धरली, ब्रिटनच्या नाइस या गाइडलाइन काढणाऱ्या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये १० टक्के धरली (२०२३ मध्ये त्यांनी म्हटलं की १० च्या खाली असलात तरी तुमची इच्छा असेल तर देता येईल, जे मला शहाणपणाचं वाटलं), आणि युरोपच्या स्कोअर-२ या रिस्क काढायच्या फॉर्म्युल्यात तर वयाप्रमाणे रेषा बदलते, पन्नाशीच्या आतल्यांना २.५ टक्क्यांपासूनच हाय रिस्क धरतात. म्हणजे तोच माणूस कुठल्या गाइडलाइनखाली बसतो त्यावर तो लो की हाय हे ठरतं, आणि लोकांना वाटतं हे आकडे फिजिक्सच्या नियमासारखे पक्के असतात.

आता या १० वर्षांच्या फॉर्म्युल्यात सगळ्यात जड घटक कुठला, तर वय. बाकी सगळं त्याच्यापुढे फिकं. २०१३ च्या फॉर्म्युल्यात साठीच्या मध्यावर पोचलेल्या पुरुषाचं बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर सगळं उत्तम असलं तरी निव्वळ वयामुळे तो ७.५ च्या वर जायचा, आणि इकडे नुकती चाळिशी गाठलेला माणूस एलडीएल १७०, बीपी १४० घेऊन फिरत असला तरी त्याचा आकडा दोन-तीनच्या पुढे सरकत नाही. बायकांच्या बाबतीत तर हे अजून ठळक, साठीपर्यंत बहुतेकींचा १० वर्षांचा आकडा लोच येतो आणि त्यांना "सगळं छान आहे" म्हणून घरी पाठवलं जातं. याचा अर्थ ३८ व्या वर्षी २ टक्के आले म्हणजे आपलं कोलेस्टेरॉल ठीक आहे असा कोणी काढला तर तो चुकीचा आहे, त्या आकड्याचा अर्थ एवढाच की तुम्ही ३८ चे आहात आणि ४८ च्या आत अटॅक येण्याची शक्यता कमी आहे. ते खरंच आहे. पण तुम्हाला ४८ पर्यंतच जगायचं आहे का, हा पुढचा प्रश्न.

दरम्यान रक्तवाहिनीत काय चाललेलं असतं ते इथे महत्त्वाचं आहे, कारण त्याशिवाय लांबच्या रिस्कचं लॉजिक कळत नाही. एलडीएलचे कण, म्हणजे ज्यांच्यावर अपो-बी नावाचं प्रोटीन असतं ते सगळेच कण, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून आत शिरतात, त्यातले काही भिंतीत अडकतात, मग तिथे सूज, फेसाळ पेशी, चरबीचा थर, आणि वर्षानुवर्षांनी प्लाक. हे एका रात्रीत होत नाही आणि पन्नाशीला सुरू तर अजिबात होत नाही. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली होती, १९५३ साली ते छापून आलं, सरासरी वय होतं २२, आणि त्यातल्या ७७ टक्क्यांच्या कोरोनरीमध्ये (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांमध्ये) आजाराच्या खुणा होत्या. बावीस वर्षांची पोरं! स्पेनमध्ये पेसा नावाचा अभ्यास चालू आहे, बँकेत काम करणारे ४० ते ५४ वयाचे, कसलाही त्रास नसलेले चार हजारांवर लोक, सोनोग्राफी आणि सीटी केल्यावर त्यातल्या ६३ टक्के लोकांत कुठे ना कुठे प्लाक दिसला, आणि ज्यांना नेहमीचे रिस्क फॅक्टर नव्हतेच अशांमध्येसुद्धा जवळपास निम्म्या लोकांत दिसला.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतो ना, तसं आहे हे. भिंतीत किती साचणार हे दोन गोष्टींवर ठरतं, एलडीएल किती आणि किती वर्षं. सिगरेटचा हिशोब आम्ही डॉक्टर पॅक-इयर्समध्ये करतो, दिवसाला किती पाकिटं गुणिले किती वर्षं, कोलेस्टेरॉलचा हिशोबही तसाच करता येतो. १५२ एलडीएल आणखी ३० वर्षं तसंच राहिलं तर भिंतीला जे सोसावं लागेल आणि ते आत्ता १०० वर आणलं तर जे सोसावं लागेल यात एकतृतीयांशाचा फरक आहे, आणि तो फरक दर वर्षी साठत जातो. १० वर्षांचा स्कोअर आजचं रीडिंग बघतो, मागे किती वर्षं काय होतं आणि पुढे किती वर्षं काय राहणार हे त्याला कळत नाही.

हे नुसतं थिअरी आहे असं वाटत असेल तर निसर्गाने एक ट्रायल आपल्यासाठी करून ठेवलीय. काही लोकांमध्ये पीसीएसके-९ नावाच्या जीनमध्ये जन्मतः बिघाड असतो (बिघाड म्हणायचं पण त्यांच्या फायद्याचा), त्यामुळे त्यांचं एलडीएल आयुष्यभर थोडं कमी राहतं. २००६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून आलेले आकडे असे: एका गटात एलडीएल २८ टक्के कमी आणि हृदयविकार ८८ टक्के कमी, दुसऱ्या गटात एलडीएल फक्त १५ टक्के कमी आणि हृदयविकार ४७ टक्के कमी. आता याची तुलना औषधाच्या ट्रायलशी करा. स्टॅटिनच्या सगळ्या मोठ्या ट्रायल एकत्र केल्या तर एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने (म्हणजे १ मिलिमोलने) कमी केल्यावर अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून साधारण २२ टक्के कमी होतात. जन्मापासून तेवढंच कमी असेल तर जीन्सच्या अभ्यासात हृदयविकार निम्म्याहून जास्त कमी दिसतो. एलडीएलमधली घट तेवढीच, फायद्यात इतका फरक कशाने? वर्षांनी. ट्रायलमध्ये साठीच्या माणसाला पाच वर्षं औषध मिळतं, तळं तोवर बरंच साचलेलं असतं.

स्कॉटलंडमधली वॉस्कॉप्स ट्रायलही इथे सांगण्यासारखी आहे. साडेसहा हजार पुरुष, वय ४५ ते ६४, अटॅक न आलेले, निम्म्यांना प्रावास्टॅटिन ४० आणि निम्म्यांना खोटी गोळी, साधारण पाच वर्षं. १९९५ ला रिझल्ट आला, औषधाच्या गटात अटॅक आणि त्याने होणारे मृत्यू ३१ टक्के कमी. पुढची मजा अशी की ट्रायल संपल्यावर दोन्ही गटांत स्टॅटिन घेणाऱ्यांचं प्रमाण साधारण सारखंच झालं, तरी २० वर्षांनी बघितलं तेव्हा ज्यांना आधी पाच वर्षं औषध मिळालं होतं त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू अजूनही २७ टक्के कमी होते. लवकर घेतलेल्या पाच वर्षांचा फायदा पुढे टिकला.

आता ३० वर्षांच्या आकड्याकडे येऊ. हे काही कालपरवाचं खूळ नाही, फ्रॅमिंगहॅमवाल्यांनी २००९ मध्येच ३० वर्षांचा स्कोअर काढला होता, ब्रिटनमध्ये २०१० ला क्यूरिस्क या तिथल्या स्कोअरचं लाइफटाइम व्हर्जन आलं, आणि २०२३ च्या शेवटी अमेरिकन हार्ट असोसिएशनने प्रिव्हेंट नावाची समीकरणं आणली, ६० लाखांहून जास्त लोकांच्या डेटावर, त्यात ३० ते ५९ वयात १० आणि ३० वर्षं दोन्ही आकडे मिळतात, किडनी किती चालते ते दाखवणारा ईजीएफआर धरलेला आहे आणि वंश काढून टाकलाय. चांगलं काम आहे. पण वापरताना तीन गोष्टींवर लोक फसतात, डॉक्टरसुद्धा.

एक म्हणजे प्रिव्हेंटमध्ये एक आकडा येतो तो एकूण हृदयरोगाचा, ज्यात हार्ट फेल्युअरही (हृदय कमजोर पडणं) मोजलंय, आणि दुसरा येतो फक्त अटॅक आणि स्ट्रोकचा. तुमचे १४ टक्के यातले कुठले हे विचारून घ्या. बाकीचे आकडे बघता ते एकूणचे असावेत असा माझा अंदाज आहे, मग अटॅक-स्ट्रोकचे साधारण १० धरू. कोलेस्टेरॉलच्या गोळीचा मुख्य उपयोग या दुसऱ्या आकड्यावर होतो. दुसरी गोष्ट, प्रिव्हेंटचा १० वर्षांचा आकडा २०१३ च्या फॉर्म्युल्यापेक्षा बराच कमी येतो, साधारण निम्मा, त्यामुळे जुनी ७.५ ची रेषा आणि नवा फॉर्म्युला अशी खिचडी केली की भलत्याच लोकांना गोळीची गरज नाही असं निघतं. आणि तिसरी तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची: प्रिव्हेंटमध्ये घरातल्या हार्ट अटॅकचा रकानाच नाही. म्हणजे वडिलांचा ५२ चा अटॅक त्या १४ मध्ये धरलेलाच नाही, तो वेगळा वर चढवायचा. पुरुष नातेवाइकाला ५५ च्या आत आणि बाईला ६५ च्या आत झाला तर आम्ही त्याला लवकर आलेला हृदयविकार म्हणतो आणि तो एकटा मुद्दा मला कुठल्याही दशांश टक्क्यांपेक्षा जास्त वजनदार वाटतो. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, पण जीन्सवर ठरणारा रक्तातला कण) पण त्यात नाही. संधिवात, सोरायसिस, एचआयव्ही, बायकांमध्ये गरोदरपणातलं वाढलेलं बीपी किंवा शुगर, चाळिशीच्या आत पाळी जाणं, हे काहीच नाही. दक्षिण आशियाई वंश हा २०१८ च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये रिस्क वाढवणारा मुद्दा म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे, तोही नव्या फॉर्म्युल्यात नाही.

बरं, आता हिशोब करू, कारण टक्के टक्के करून कोणालाच काही समजत नाही. तुमच्यासारखे १०० जण घ्या. १० वर्षांत त्यातल्या एक-दोघांना अटॅक किंवा स्ट्रोक येणार. मध्यम डोसच्या स्टॅटिनने एलडीएल १५२ वरून साधारण १०० ला आलं, म्हणजे पन्नासेक मिलिग्रॅम कमी, तर ट्रायलच्या हिशोबाने रिस्क पाव हिश्श्याने किंवा थोडी जास्त कमी होते. एक-दोघांचा पाव हिस्सा म्हणजे १०० मधल्या अर्ध्या माणसालाही फायदा नाही. पहिले डॉक्टर याच चष्म्यातून बघत होते आणि त्या चष्म्यातून ते बरोबर आहेत. आता ३० वर्षं घ्या. त्या १०० मधल्या १० जणांना अटॅक किंवा स्ट्रोक येणार, ट्रायलचाच कंजूष हिशोब धरला तरी अडीच जण वाचतात, आणि वर्षं जितकी जास्त तितका फायदा वाढतो हे धरलं तर चार किंवा त्याहून जास्त. नक्की किती ते ३८ व्या वर्षी सुरू केलेल्या लोकांची ३० वर्षांची ट्रायल असती तर कळलं असतं. जीन्सवाला निम्म्याहून जास्तचा आकडा तुम्हाला जसाच्या तसा लावता येणार नाही, तो जन्मापासूनचा आहे आणि तुमची ३८ वर्षं होऊन गेली, त्यामुळे खरं उत्तर पाव हिस्सा आणि त्या आकड्याच्या मध्ये कुठेतरी. वडिलांचा अटॅक धरला की मूळचे १० सुद्धा वाढतात आणि वाचणारेही. उरलेल्यांना गोळी घेऊन काही फरक पडला नाही असंही त्याच हिशोबात बसतं, ते लपवायचं कारण नाही.

इथे एक बारीक पण मोलाची गोष्ट. ३० वर्षांची रिस्क सारखीच १४ असलेले दोन जण असू शकतात, एकाची आली बीपी आणि सिगरेटमुळे, एलडीएल मात्र ९५, आणि दुसऱ्याची आली एलडीएल १७० मुळे. स्टॅटिनचा फायदा दुसऱ्याला कितीतरी जास्त, कारण त्याच्याकडे कमी करायला जास्त एलडीएल आहे, पहिल्याला आधी सिगरेट सोडवा आणि बीपीची गोळी द्या. स्कोअर एकच, औषध वेगळं. म्हणून मी म्हणते की लांबच्या रिस्कला रेषा आखून "इतक्याच्या वर गोळी" असं करू नका. त्या आकड्याने दार उघडायचं, आत जाऊन कारण बघायचं.

आणि रेषा आखायला गेलं तर अजून एक गंमत होते. फ्रॅमिंगहॅमच्याच डेटात ५० व्या वर्षी ठणठणीत असलेल्या पुरुषांची उरलेल्या आयुष्यातली हृदयरोगाची रिस्क ५२ टक्के आणि बायकांची ३९ टक्के निघाली. म्हणजे आयुष्यभराचा हिशोब केला की जवळपास सगळेच हाय रिस्क, मग काय पाण्यात स्टॅटिन मिसळायचं? पण त्याच अभ्यासातला पुढचा आकडा मला जास्त बोलका वाटतो: ५० व्या वर्षी ज्या पुरुषांचं सगळं उत्तम होतं त्यांची आयुष्यभराची रिस्क ५ टक्के, आणि ज्यांना दोन किंवा जास्त मोठे रिस्क फॅक्टर होते त्यांची ६९ टक्के. बायकांमध्ये ८ आणि ५०. १० वर्षांच्या आकड्यात ही दरी दिसत नाही, लांबच्या आकड्यात दिसते. पन्नाशीला आपण त्या पाचवाल्यांत पोचतो की एकोणसत्तरवाल्यांत हे तिशी-चाळिशीत ठरतं.

आता विरोधी बाजू, जी मी नीट मानते. पहिलं म्हणजे वर म्हटलं तसं, तिशीतल्या लोकांना स्टॅटिन देऊन ३० वर्षं बघितलेली ट्रायल नाही, आपण पाच वर्षांच्या ट्रायल, २० वर्षांचे फॉलोअप आणि जीन्सचे अभ्यास जोडून अंदाज बांधतोय. अंदाज मजबूत आहे पण अंदाजच. दुसरं, ३० वर्षं रोज गोळी घेणारे लोक कमी असतात, त्रास काहीच नसताना गोळी घेणं माणसाच्या स्वभावात नाही, बरेच जण वर्षभरातच सोडतात. कागदावरचा फायदा तेवढ्याने गळतो. तिसरं, ३८ व्या वर्षी एखाद्याला पेशंट करून टाकणं, काही लोक त्यानंतर छातीत जरा काही झालं की घाबरतात, हेही नुकसानच आहे. आणि पुढच्या ३० वर्षांत उपचार बदलतील, सिगरेट कमी होईल, त्यामुळे आजचा ३० वर्षांचा आकडा पुढे तसाच खरा ठरेल असं नाही.

साइड इफेक्टबद्दल लोकांच्या मनात जेवढी भीती आहे तेवढी मला तरी डेटात दिसत नाही. स्नायू दुखण्याचं म्हणाल तर सगळ्या ट्रायलच्या एकत्र हिशोबात पहिल्या वर्षी दर हजारात साधारण ११ जणांना जास्तीचं दुखणं होतं, आणि स्टॅटिन घेणारे जेवढे लोक दुखतं म्हणून सांगतात त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांचं दुखणं गोळीमुळे नसतंच. सॅमसन नावाची एक छोटीशी ट्रायल झाली, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले ६० जण, त्यांना काही महिने स्टॅटिन, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही असं उलटसुलट दिलं, तर स्टॅटिनवर जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला. दुखणं खरं होतं बरं का, ते ढोंग करत नव्हते, फक्त ते गोळीतल्या औषधामुळे येत नव्हतं. शुगरचं मात्र खरं आहे: २५५ जणांनी चार वर्षं घेतलं तर एकाला जास्तीचा डायबेटिस निघतो, डोस जास्त तर शक्यता जास्त, आणि तो बहुतेक ज्याची शुगर आधीच काठावर असते त्यालाच. म्हणून एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या शुगरची टेस्ट) आधी बघायचं. लिव्हर खराब होणं फारच विरळ. मूल हवं असलेल्या किंवा गरोदर बाईचा विषय वेगळा, तिथे सहसा गोळी थांबवतात, त्यामुळे तिशीतल्या बाईशी ही चर्चा करताना तो प्रश्न आधी विचारायचा.

आता तुमच्यापुरतं काय, ते सांगते. तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा, मी तुम्हाला तपासलेलं नाही.

एका रिपोर्टवर काही सुरू करू नका. लिपिड प्रोफाइल काही आठवड्यांनी परत करा, सोबत थायरॉइड बघा कारण थायरॉइड कमी असेल तर एलडीएल चढतं आणि त्याला स्टॅटिनची नाही तर थायरॉइडच्या गोळीची गरज असते. युरिनमधलं प्रोटीन, क्रिएटिनिन, लिव्हर, एचबीए१सी एकदा. जमलं तर अपो-बी, कारण ते कणांची संख्या सांगतं आणि वजन जास्त, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) जास्त असलेल्यांमध्ये एलडीएलचा आकडा कमी दाखवून फसवतो. आणि लायपोप्रोटीन-ए, आयुष्यात एकदा, ते जीन्सवर ठरतं आणि फारसं बदलत नाही. साधारण पाचात एकाला ते जास्त असतं आणि घरात लवकर अटॅक आलेला असताना ते न तपासणं मला तरी समजत नाही. ५० मिलिग्रॅम किंवा १२५ नॅनोमोलच्या वर आलं तर माझ्यासाठी थांबण्याचा विषय संपला. बीपी घरी आठवडाभर मोजा, कारण १३४ खरं आहे की दवाखान्यातलं आहे यावर ३० वर्षांचा आकडा बराच हलतो.

कॅल्शियम स्कोअरचं (सीटी करून हृदयाच्या वाहिन्यांत किती कॅल्शियम साचलंय ते मोजायचं) सगळे विचारतात. ३८ व्या वर्षी तो शून्य यायचीच शक्यता जास्त आणि शून्य आला म्हणून निवांत होऊ नका, या वयात प्लाक असला तरी त्यात कॅल्शियम बसायला वेळ लागलेला नसतो. उलट शून्यापेक्षा काहीही जास्त आलं तर ते फार गंभीर घ्यायचं. अमेरिकेतल्या कार्डिया नावाच्या अभ्यासात ३२ ते ४६ वयात थोडं जरी कॅल्शियम दिसलं तरी पुढच्या बारा-साडेबारा वर्षांत हृदयविकाराचं प्रमाण पाचपट होतं. साठीच्या माणसात शून्य आला तर मात्र गोळी पुढे ढकलायला तो उत्तम पुरावा आहे, तिथे मी तो आवर्जून करते.

मग तीन ते सहा महिने वजन, व्यायाम, सॅच्युरेटेड फॅट कमी, फायबर जास्त, झोप. यातून बीपी आणि ट्रायग्लिसराइड छान उतरतात, एलडीएल सहसा थोडंच, १५२ चं १४० होईल, क्वचित १३० च्या खाली जाईल. गेलं आणि लायपोप्रोटीन-ए कमी असेल तर मी गोळीशिवाय दर वर्षी बघत राहीन आणि त्यात काही वावगं नाही. नाही गेलं तर मी मध्यम डोसचं स्टॅटिन सुचवीन, रोसुवास्टॅटिन ५ ते १० किंवा अटोरवास्टॅटिन १० ते २०. २०१८ च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये २० ते ३९ वयात घरात लवकर आलेला हृदयविकार आणि एलडीएल १६० किंवा वर असेल तर स्टॅटिनचा विचार करा असं आहे. तुम्ही त्या रेषेच्या आठ पॉइंट खाली आहात, आणि आठ पॉइंट तर लॅब बदलली तरी इकडचे तिकडे होतात. मोठा डोस नको. डोस दुप्पट केला तर एलडीएल जेमतेम आणखी ६ टक्के उतरतं, त्यामुळे कमी डोसवर वर्षानुवर्षं टिकून राहणं जास्त फायद्याचं. पुरेसं उतरलं नाही तर इझेटिमाइब (कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध) जोडता येतं. सुरू केल्यावर ६ ते १२ आठवड्यांनी एलडीएल परत बघा, नंतर वर्षातून एकदा. मी १०० च्या खाली धरते, लायपोप्रोटीन-ए जास्त असेल तर ७० च्या.

आणि दहा वर्षं थांबलं तर काय बिघडतं, हे तुम्ही स्पष्टच विचारलंय. आभाळ कोसळत नाही, ४८ ला सुरू केलं तरी फायदा मिळेलच. पण ती दहा वर्षं १५२ वर गेलेली असतील आणि तेवढं साचलेलं पूर्ण परत निघत नाही. शिवाय चाळिशीनंतर बघू म्हणणाऱ्यातले किती जण खरंच बघतात हे मला रोज दिसतं. थांबायचं असेल तर तारीख ठरवून थांबा, पुढची टेस्ट कधी आणि किती आलं तर गोळी हे आत्ताच लिहून ठेवा.

हे सगळं कोणाला लागू नाही तेही सांगते कारण लोक आपला आकडा घेऊन कॅल्क्युलेटर उघडतात. एलडीएल १९० किंवा वर असेल तर कुठलाच स्कोअर काढायचा नाही, ते जन्मतः आलेलं असू शकतं, त्या आजाराला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात आणि तो साधारण २५० मध्ये एकाला असतो, उपचार लगेच. अटॅक, स्ट्रोक, स्टेंट, बायपास झालेल्यांनी रिस्क काढायची नाही, ती सिद्ध झालीये. चाळिशीपुढच्या डायबेटिसवाल्यांना बहुतेक गोळी लागतेच. आणि पंचाहत्तरीच्या पुढे ३० वर्षांच्या गप्पांना अर्थ नाही, तिथे बाकीची तब्येत आणि माणसाची इच्छा बघायची.

वडिलांचे जुने लिपिड रिपोर्ट सापडले तर बघा, औषध सुरू व्हायच्या आधीचं एलडीएल किती होतं ते. तुमचे भाऊ-बहीण असतील तर त्यांचंही एकदा करून घ्या, लायपोप्रोटीन-ए सकट, कारण तुमच्यात जे आलंय ते त्यांच्यात असण्याची चांगलीच शक्यता आहे आणि बहिणीचा १० वर्षांचा आकडा तर तुमच्याहूनही कमी दिसेल. मुलं असतील तर त्यांचं कोलेस्टेरॉल ९ ते ११ वयात एकदा तपासा. औषधासाठी नाही, जन्मतः जास्त असेल तर ते तेव्हाच कळतं.